जी दुणे चार

मला तीसपर्यंतचे पाढे येतात. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन, पण एवढ्या वर्षांत कुणी उठवलं नाही. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत हे सगळं मारून मारून डोक्यात बसवलेलं आहे. मास्तर छडी काखेत धरून तंबाखू मळत. एकोणिसाच्या पाढ्यात कुणी अडखळलं की तंबाखू मळायची थांबे. ती थांबली की आम्ही हात पुढे करायचो, सांगावं लागत नसे.

पण एकोणीस साते म्हणजे एकोणीस वस्तू सात वेळा घ्यायच्या, हे मला अमरावतीला गेल्यावर कळलं. तेव्हा मी मॅट्रिक झालेली होते.

अमरावतीला मी बालशिक्षणाच्या वर्गात गेले ती मुलांच्या आवडीनं नव्हे. तिथं मुलींना राहायला वसतिगृह होतं आणि दोन वेळचं जेवण होतं. नर्सिंगच्या वर्गातही होतं, पण मला रक्त बघवत नाही. मुलांची आवड नंतर लागली, आणि तीही सगळ्या मुलांची नाही, उगाच खोटं काहून सांगू?

त्या वर्गात परदेशातल्या कुठल्याशा बाईंची पद्धत शिकवत. मुलाला काही सांगायचं नाही, त्याच्या हातात वस्तू द्यायची. गुणाकारासाठी मण्यांच्या काड्या होत्या, म्हणजे तारेत ओवलेले मणी. दोनची काडी हिरवी, चारची पिवळी, सातची पांढरी, दहाची सोनेरी. चारच्या तीन काड्या शेजारी शेजारी मांडायच्या आणि बोट लावून मोजायचं. बारा भरतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, भरतात म्हणून. पहिल्यांदा मी सतरंजीवर बसून सातच्या आठ काड्या मांडल्या, मोजल्या, आणि खरंच छप्पन्न निघाले. बाकीच्या मुलींना म्हणे आनंद झाला. मला संताप आला. एवढं सोपं होतं तर त्या माणसानं मला मारलं कशासाठी? मी वर्गातून उठून नळावर गेले आणि तोंड धुऊन परत आले.

वर्ष संपल्यावर मला अकोल्यात नोकरी लागली. मुलींची प्राथमिक शाळा होती, तिच्याच आवारात एका कडेला नुकतंच बालमंदिर उघडलं होतं. बालमंदिर म्हणजे एक पत्र्याची खोली आणि मी. साधनं यायची होती. ती येईपर्यंत मी शेंगदाण्यांवर भागवायचं ठरवलं. हा माझा मूर्खपणा. तीन चोक मांडायला घेतलं की बारा भरायच्या ऐवजी नऊ भरत, आणि पुन्हा मोजले की सात. मी गुणाकार शिकवत होते आणि पोरं वजाबाकी शिकत होती. त्यात ती फार हुशार निघाली.

शेवटी मी सायकलवाल्याकडून तार आणली, जुन्या शहरातल्या दुकानातून लाकडी मणी आणले, आणि रंगवून रंगवून काड्या स्वतःच केल्या. दहाच्या काड्यांना सोनेरी रंग दिला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं की बाईंजवळ सोनेरी मणी आहेत. घरच्यांनी शेजारी सांगितलं की सोन्याचे आहेत. एक दिवस सकाळी येऊन बघते तर कपाटाचं कुलूप तुटलेलं आणि डबा गायब. मी सुन्न झाले, माझी बोटं अजून रंगाची होती. दुसऱ्या दिवशी डबा आवाराच्या भिंतीवर ठेवलेला सापडला. आत सगळे मणी जागच्या जागी होते. दहाच्या एका काडीवर दातांच्या खुणा होत्या.

ह्या डब्यावर माझी पोरं गुणाकार शिकली. तोंडानं पाढेही म्हणवून घ्यायची मी, कारण आमच्या मोठ्या बाईंना पाढे लागत. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचं माहेर पुण्याचं. यजमानांच्या नोकरीमुळे अकोल्याला आल्या आणि इथल्या उन्हावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. बाई कडक, पण खोट्या नव्हत्या. मी कुठल्या वस्तीतली, माझ्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, हे सगळं त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी माझ्या हातचं पाणी पहिल्या दिवशी मागून घेतलं होतं. पाढ्यांच्या बाबतीत मात्र त्या आमच्या मास्तरांच्या सख्ख्या बहीण शोभल्या असत्या, छडी तेवढी वजा.

आता बेचा पाढा. हा पाढा वऱ्हाडात शिकवताना काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे 'बे' म्हणजे दोन हे फक्त पाढ्यापुरतं. एरवी 'बे' म्हणजे 'अरे'च्याही खालचा. 'काय बे', 'चाल बे', 'सरक बे'. मित्राला म्हणतात, धाकट्याला म्हणतात, भांडताना सगळ्यांना म्हणतात. मोठ्या माणसाला म्हणायचं ते 'जी'. 'काय जी', 'हो जी', 'बसा जी'. मोठ्या बाई नव्या नव्या आल्या तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत टांगेवाले एकमेकांना बे, बे करताना ऐकून त्यांना वाटलं, इथले लोक रस्त्यानं पाढे म्हणत जातात. हे त्यांनीच मला सांगितलं. सांगताना हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

माझ्या वर्गातल्या पोरांना बेचा पाढा अतिशय प्रिय होता. बाईंच्या तोंडावर दहा वेळा 'बे' म्हणायचं आणि वर शाबासकी घ्यायची, अशी सोय दुसऱ्या कुठल्या पाढ्यात नाही. तिनाच्या पाढ्याला ती मरगळत. बेच्या पाढ्याला खोली दणाणत असे.

ह्या दणाणण्यात एक पोरगी गप्प असायची. सहा वर्षांची, काळीसावळी, केसांना चापूनचोपून तेल. तिची आई रस्त्यापलीकडच्या डाळमिलात डाळ पाखडायला जात असे. बालमंदिर सकाळी असायचं. अकराला सुटलं की पोरगी रस्ता ओलांडून मिलात आईकडे जायची. मण्यांवर तिचं बोट असं चालायचं की बघत राहावं. पण पाढा म्हणायची वेळ आली की ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा मी तिला एकटीला जवळ घेऊन बसवलं आणि म्हटलं, "म्हण, बेचा पाढा."

तिनं हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली.

"जी एके जी. जी दुणे चार. जी त्रिक सहा. जी चोक आठ."

जी दाहे वीसपर्यंत न चुकता म्हटलं. मला आधी वाटलं, ही माझी फिरकी घेते आहे. पण तिच्या डोळ्यांत थट्टेचा मागमूस नव्हता.

दुपारी मी रस्ता ओलांडून मिलाच्या फाटकाशी गेले आणि तिच्या आईला बाहेर बोलावलं. ती भुवयांपर्यंत डाळीच्या पिठानं पिवळी झाली होती. मी म्हटलं, "तुमची पोरगी बेच्या पाढ्यात बे म्हणत नाही."

"मीच सांगतलं तिले जी," ती म्हणाली. "मोठ्या मानसाले बे म्हनाचं नाही. शिकलेल्या बाईले तं बिलकुलच नाही."

"अहो, तो शिवीतला बे नाही. पाढ्यातला आहे."

"ऐकनाऱ्याले काय मालूम जी, कोनता व्हय?" तिनं पदरानं तोंड पुसलं, त्यानं पीठ आणखी पसरलं. "बाकीच्यायच्या पोट्ट्यायनं म्हटलं तं हसतीन. आमच्या लेकरानं म्हटलं तं म्हनतीन, पाहा, आता हे मातले."

तिचं म्हणणं मला नवं नव्हतं, मीही तसल्याच घरातली. आमच्या गावात माझा बाप पाटलाच्या सालगड्यालासुद्धा 'हो जी' म्हणत असे. दीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्यानं जाहीर केलं, आता कुणाला जी म्हणायचं नाही. आणि खरंच म्हणाला नाही. माझ्या आईला तर तो आधीही म्हणत नव्हता. पण बाप बदलला म्हणून जीभ लगेच बदलत नाही. मी मॅट्रिक होऊन, अमरावती करून आलेली, पण बाजारात कुणी जरा पांढऱ्या कपड्यातला माणूस बोलला की माझ्या तोंडून 'हो जी' निघून जायचा, आणि मग घरापर्यंत मी स्वतःवर चरफडत यायची.

तेव्हा मी तिच्या आईला फक्त एवढंच विचारलं, "पहिलीत घालणार ना हिला?"

"शाळेनं घेतलं तं शाळेत. नाही तं माह्यासंगं मिलात. आता बसते ते डाय निवडाले, मुकादम भी काही म्हनत नाही."

नगरपालिकेची शाळा होती, पण ती रेल्वे लाइनीच्या पलीकडे. एवढ्याशा पोरीला रूळ ओलांडून एकटीला पाठवायला तिची आई तयार नव्हती, आणि मी तिच्या जागी असते तर मीही नसते. म्हणजे आमची शाळा, नाही तर मिल. आमच्या शाळेत पहिलीच्या जागा मोजक्या, आणि घ्यायचं की नाही ते मोठ्या बाई तोंडी परीक्षा घेऊन ठरवत. परीक्षेत पहिला प्रश्न बेचा पाढा. दर वर्षी तोच.

मी एक मधला मार्ग काढला. पोरीला 'दोन एके दोन, दोन दुणे चार' असं शिकवलं. दोन म्हणायला कुणाची काय हरकत? ती आनंदानं म्हणू लागली. मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "अहो बाई, दोनाचा पाढा नसतो. बेचा असतो." मी म्हटलं, उत्तर तर तेच येतं. त्या म्हणाल्या, "उद्या चार चार म्हणायच्या ऐवजी कुणी दोन दुणे म्हणत बसलं, तर उत्तर तेच येईल म्हणून चालवून घ्यायचं का?" मला ह्यातलं काही कळलं नाही, पण त्या अशा ठामपणे बोलल्या की न कळल्याचं मला कळवता आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि परीक्षेचा दिवस आला. मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा नव्हता. बाई घामाघूम होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. पोरगी टेबलासमोर उभी. तिची आई उंबऱ्याबाहेर, मुकादमाकडून तासाभराची सुटी घेऊन आलेली. मी मण्यांचा डबा घेऊन कडेला उभी होते. तो आणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बेचा पाढा म्हण," मोठ्या बाई म्हणाल्या.

माझ्यासमोर दोन एके दोन म्हणणाऱ्या पोरीनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. चष्मा, इस्त्रीचं पातळ, मनगटावर घड्याळ. इतकं मोठं माणूस तिनं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. झालं, सगळा सराव वाहून गेला.

"जी एके जी," ती म्हणाली. "जी दुणे चार. जी त्रिक सहा."

मोठ्या बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. "हे काय आहे?"

मी सांगितलं. बे काय, जी काय, आईनं काय सांगितलं, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "संस्कार चांगले आहेत. पण पाढा येत नाही."

"येतो," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मण्यांवर विचारा, काय पाहिजे ते."

बाईंनी मला एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "सात आठे."

पोरीनं फरशीवर बसकण मारली. डब्यात हात घातला, तर सातच्या काड्या पाचच. बाकीच्या तीन मी घरी रंग द्यायला नेल्या होत्या. पोरीनं एक क्षण डब्यात पाहिलं, सातच्या काड्या परत ठेवल्या आणि आठच्या सात काढून मांडल्या.

"मी सात आठे विचारलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे आठ साते झालं."

"खाट फिरवली तरी झोपनारे तेवढेच जी," पोरगी म्हणाली. मग बोट लावून पुटपुटत शेवटपर्यंत गेली. "छप्पन्न."

बाई माझ्याकडे वळल्या. "खाटेचं तुम्ही शिकवलंत?"

"नाही. त्यांच्या घरी एकच खाट आहे."

बाईंनी पुठ्ठा उचलून दोनदा वारा घेतला. मग सावकाश म्हणाल्या, "हिला मोजता येतं, समज आहे, हे मला दिसलं. पण पहिलीचा वर्ग भरगच्च असतो. तिथं इतके मणी मी कुठून आणू? सगळ्या एका सुरात पाढा म्हणतात. ही गप्प बसली तर दिवाळीपर्यंत मागं पडेल, आणि मग तिला कुणी विचारणार नाही." खोटं नव्हतं ते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. त्या पुढं वाकल्या. "मी सांगते आहे ना तुला? मला राग येणार नाही. म्हण, बे एके बे."

पोरगी फरशीवरच्या काड्या डब्यात परत ठेवू लागली.

मी तिच्याजवळ खाली बसले. "बाई स्वतः सांगून राहिल्या न तुले? म्हण." मी वऱ्हाडीत बोलले, मोठ्या बाईंसमोर, पहिल्यांदाच. तरी गप्प. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून उंबऱ्याकडे बघत होती, आईकडे. आई जमिनीकडे बघत होती.

मोठ्या बाईंनी पेन उचललं.

त्या पेनाचा अर्थ तिच्या आईला बरोबर कळला असावा. मुकादमही पेन उचलतो. ती उंबरा ओलांडून आत आली, चपला बाहेर काढायचं विसरून, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेरच्या रांगेतल्या बाया आत डोकावल्या.

"म्हन न वं पोरी! बे म्हन! बे! बे!"

आणि मग तिला कळलं की आपण काय म्हटलं, कुठं म्हटलं आणि कुणाच्या तोंडासमोर म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "चुकलं जी," ती हाताआडून म्हणाली. "चुकलं."

मोठ्या बाईंनी हातानंच, असू द्या, अशी खूण केली. पेन मात्र तसंच धरून होत्या.

पोरीनं आईकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग तिनं बाईंकडे पाठ केली, भिंतीवर भारताचा नकाशा टांगला होता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि छाती भरून श्वास घेतला.

"बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

काय सांगू! माझ्या वर्गातली सगळी पोरं मिळून जेवढी ओरडत तेवढी ती एकटी ओरडली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तिनं बे म्हणून घेतलं. बे दाहे वीस झाल्यावर ती थांबली नाही, तिनाचा आणि चाराचाही म्हणून टाकला, जे कुणी विचारले नव्हते. त्या वेळी तिला उचलून गरकन फिरवावं असं मला वाटलं, पण परीक्षा चालू होती.

"म्हणताना समोर बघायचं असतं," मोठ्या बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला, बराच वेळ पुसला. "उच्चार स्वच्छ आहेत. घेतली. आजपासूनच बसवा वर्गात, उगाच घरी धाडू नका."

आईला हे नीट कळलं की नाही कोण जाणे. तिनं मला विचारलं, "घेतलं न जी?" मी म्हटलं, घेतलं. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तेलानं तळवा चकाकला. तासाभराची सुटी संपत आली होती. ती फाटकाकडे निघाली, भराभर, मागं न बघता.

मी पोरीला घेऊन व्हरांड्यात आले. आनंदानं माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी तिला सांगत सुटले, की आता पाटी मिळेल, पुस्तक मिळेल, शाळा अकरा ते पाच असते, आता मिलात बसून डाळ निवडायची नाही, कधीच नाही. ती ऐकत होती. रस्त्यापलीकडे तिची आई मिलाच्या फाटकातून आत गेली, तोवर ती बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "आता दुपारी माय कोनासंगं जेवीन?"

मी तिचा हात धरला, तिला पहिलीच्या वर्गात नेलं आणि पुढच्या रांगेत बसवून आले.